बोनसचा दिवस

दिवाळीच्या दिवसांची नावे पंचांगात दिलेली असतात. वसुबारस, धनत्रयोदशी, नरकचतुर्दशी वगैरे. परंतु नोकरदार माणसाच्या दिवाळीचा जो खरा पहिला दिवस, तो कोणत्याही पंचांगात सापडत नाही. तो म्हणजे बोनसचा दिवस. हा दिवस ज्या वर्षी उगवत नाही त्या वर्षी वसुबारस, गाय आणि वासरू सगळे वेळेवर येते, पण दिवाळी काही येत नाही. हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. वाण्याकडची यादी पुरते.

या गोष्टीवर एका अमेरिकन गृहस्थाने व्यंगपट काढला आहे, असे कोणी मला सांगितले असते तर मी हसण्यावारी नेले असते. अमेरिकेत माणसे श्रीमंत असतात, त्यांना बोनसची काय मातब्बरी? पण तसा व्यंगपट आहे. त्याचे नाव 'सिम्पसन्स'. मॅट ग्रेनिंग नावाच्या व्यंगचित्रकाराची ही सगळी पिवळ्या कातडीची माणसे. 1987 पासून ती दुसऱ्याच्या कार्यक्रमात दोन-दोन मिनिटांची भाडेकरू होती. 17 डिसेंबर 1989 रोजी त्यांना अर्ध्या तासाचे स्वतःचे घर मिळाले. वास्तविक दुसराच एक भाग आधी दाखवायचा होता, पण त्याची चित्रे मनासारखी उतरली नाहीत, म्हणून नाताळचा भाग पुढे काढला. म्हणजे या जगप्रसिद्ध बिऱ्हाडाची वास्तुशांतच मुळी सणाच्या ओढगस्तीत झाली!

कथा अशी. कर्ता पुरुष होमर, अणुवीज केंद्रात नोकरीला. त्याची बायको मार्ज. तिने वर्षभर नाताळसाठी पैसे साठवले आहेत आणि ती बरणी ठेवली आहे कुठे, तर आपल्या हातभर उंच निळ्या अंबाड्यात! (हे पाहताच आमच्या सौ. म्हणाल्या, "तांदळाच्या डब्यापेक्षा हे बरं. तिथे पुरुषांचा हात पोचतो.") थोरला मुलगा बार्ट हा कार्टा आहे. तो दंडावर 'आई' असे गोंदवून घ्यायला बसतो, आई अर्ध्यावरच त्याला ओढून काढते, आणि गोंदण पुसण्यात बरणी रिकामी होते. हरकत नाही, होमरचा बोनस आहेच! आणि त्याच दिवशी मालक बर्न्ससाहेब जाहीर करतात की, वरिष्ठांच्या पगारवाढीला धक्का लागणार नाही. कामगारांना यंदा बोनस नाही.

इथून पुढे ती गंमत फार हसायची राहत नाही. होमर घरी काही बोलत नाही. तो गुपचूप एका बाजारात नाताळबाबाची दाढी लावून मुलांना मांडीवर घेण्याचे काम धरतो. पगाराच्या दिवशी पोशाखाचे पैसे कापतात, दाढीचे भाडे कापतात, शिकवणुकीची फीसुद्धा कापतात, आणि हातावर तेरा डॉलर ठेवतात. ते घेऊन तो मुलासह कुत्र्यांच्या शर्यतीला जातो. मुलगा त्याला धीर देतो. दूरदर्शनवरच्या झाडून साऱ्या नाताळच्या गोष्टींत गरिबाच्या घरी ऐन वेळी चमत्कार होतो, मग आपल्याकडेच का होऊ नये? एकास नव्याण्णव भावाच्या कुत्र्यावर तेरा डॉलर लागतात. कुत्रा शेवटचा येतो. चमत्कार होत नाही. मालक त्या कुत्र्याला हाकलून देतो, तो होमरच्या अंगावर उडी घेतो, आणि घरी सगळ्यांना वाटते की बाबांनी नाताळची भेट आणली.

सणाची टिंगल करणारे चित्रपट त्याआधी नव्हते असे नाही. 1965 च्या डिसेंबरात चार्ली ब्राऊन हा छोटा मुलगा, सण म्हणजे निव्वळ बाजार झाला, अशी कुरकुर करीत पडद्यावर आला होता. त्याला पैसे पुरवले कोकाकोलाने, हा भाग वेगळा! पण चार्लीला खंत बाजाराची होती. होमरला बाजारात जाता येत नाही याची आहे. मला विचाराल तर दुसरी व्यथा जास्त खरी.

आता बोनसचे अमेरिकेला काय सांगायचे? या बाबतीत मुंबईचा इतिहास पुष्कळ जुना आहे. पहिल्या महायुद्धाच्या भरभराटीत गिरणीवाल्यांनी कामगारांना बोनस देऊ केला. पुढे 1923 सालचा बोनस नाकारला, तेव्हा 1924 च्या जानेवारीत सारी गिरणी मुंबई बंद पडली. न्यायमूर्ती मॅक्लिऑड यांच्या समितीने निवाडा दिला की बोनसवर कामगारांचा कसलाही हक्क नाही. दिला तर मालकाची मर्जी! ही मर्जी कायद्यात बसवायला 1965 साल उजाडावे लागले. त्या कायद्याने किमान चार टक्के ठरवले. पुढे ते 8.33 झाले. हा विचित्र आकडा कुठून आला म्हणाल, तर शंभराला बाराने भागा. वर्षाच्या कमाईतला एक महिना. म्हणजे तेराव्या महिन्याचा पगार! 18 जानेवारी 1982 ला जो संप सुरू झाला आणि ज्यात अडीच लाखांच्या आसपास माणसे उतरली, त्याच्या आधीच्या दिवाळीतही बोनसचाच असंतोष धुमसत होता.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत टाइमकीपर होते. बोनस जाहीर झाला की ते चाळीच्या जिन्यावर खाकरत. नाही झाला की न खाकरता वर येत. आईला तेवढे पुरे असे. ती डालड्याऐवजी तेलावर शंकरपाळे करी, आणि आम्हा मुलांना सांगे की यंदा डॉक्टरांनी तूप-डालडा वर्ज्य केले आहे. कोणत्या डॉक्टरांनी, हे आम्ही कधी विचारले नाही.

हल्ली आम्ही काशीमिऱ्याला राहतो. एका बाजूला अहमदाबादचा हमरस्ता, दुसऱ्या बाजूला घोडबंदरचा फाटा आणि मागे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. त्यामुळे ट्रकचे भोंगे आणि पाखरे यांचा आवाज एकाच वेळी ऐकू येतो. इथे जिना नाही, लिफ्ट आहे. लिफ्टमध्ये कोण खाकरले हे घरात कळत नाही. ही उंच इमारतीची मोठीच गैरसोय आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी चिरंजीवांच्या कंपनीतून सुक्या मेव्याचा एक डबा आला. डबा मोठा देखणा. आत मखमल, मखमलीवर अठरा बदाम (मी मोजले) आणि 'आपण सारे एक कुटुंब' अशा अर्थाचे इंग्रजी पत्र. चिरंजीवांनी तो फ्रिजवर ठेवला आणि विषय काढला नाही. नातवाला गिअरची सायकल कबूल केली होती, दिवाणखान्याला नवा सोफा ठरला होता. त्या रविवारी नातवानेच हा नाताळचा भाग लावला. आम्ही सगळे हसत होतो. बर्न्ससाहेबांची घोषणा झाली आणि चिरंजीव उठून गॅलरीत गेले. तिथून हमरस्त्यावरच्या ट्रेलरची रांग दिसते. माणसाने दहा मिनिटे बघत राहावे असे त्या रांगेत काही नाही.

माझ्या मनात आले, या घरातही कोणीतरी न खाकरता वर आले आहे.

मी सूनबाईंना हळूच म्हटले, "अगं, त्याचं काही बिनसलंय का?"

त्या लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "बाबा, मला आठ दिवसांपूर्वीच कळलंय. बोनसच्या वर्षी कधी बदाम आले होते का? सोफा मी मंगळवारीच रद्द केला. फक्त ह्यांनी आपणहून सांगावं म्हणून थांबलेय."

ह्या बायकांपुढे बर्न्ससाहेबांची काय प्राज्ञा!

आपल्याकडे अशी थट्टा नव्हती असे मात्र कोणी समजू नये. 1909 मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून जावयाचा दिवाळसण, फसलेले अनारसे आणि न आलेला बोनस यांवर मराठी माणूस दर दिवाळीला हसत आला आहे. शि. द. फडणीसांच्या मुखपृष्ठांवर तर एक अक्षर न लिहिता सगळे घर हसे. चित्रे होतीच, ती हलत नव्हती इतकेच. आणि हलवता येत नव्हती असेही नाही. दादासाहेब फाळक्यांनी 1915 सालीच आगकाड्या पडद्यावर नाचवल्या, आणि 'प्रभात'ने 1934 मध्ये 'जंबूकाका' नावाचा कोल्हा पळवला. मग तो कोल्हा पळाला कुठे? हल्ली मुलांच्या कार्टूनमध्ये जो तो लाडू खाऊन बलवान होतो. लाडवाचे बेसन कोणाच्या पगारातून आले, हे कोणी दाखवत नाही.

मला कोणी विचारले तर मी एक भाग लिहून देईन. लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त सहा वाजून काही मिनिटांचा. घरधनी अंधेरीहून निघालेला, दहिसरच्या नाक्यावर अडकलेला. इकडे सातव्या मजल्यावर लक्ष्मी ताटकळत बसली आहे. शेवटी तीच कंटाळून लिफ्टने खाली उतरते, तर सोसायटीचे चिटणीस तिला वहीत नाव, वेळ आणि 'कोणाकडे' हे लिहायला लावतात. पुढचे सुचायचे आहे.

ते असो. तर चिरंजीव गॅलरीतून परत आले तेव्हा कुत्रा होमरच्या घरी पोचला होता. नातवाने पडद्यावरची नजर न काढता विचारले, "बाबा, तुमच्या ऑफिसात पण असा बर्न्स आहे?"

खोलीत क्षणभर फक्त टीव्हीचा आवाज. सूनबाईंची लसणाची पाकळी हातातच राहिली.

"आहे," चिरंजीव म्हणाले. "पण आमचा दिसायला बरा आहे."

मग त्यांनी सगळे सांगितले. नातवाने ऐकून घेतले, सायकलचे नाव काढले नाही, आणि उठून फ्रिजवरचा तो डबा खाली आणला. अठरा बदाम, माणसे पाच. तीन-तीन वाटून उरलेल्या तिघांचा प्रश्न आला, तेव्हा सौ. म्हणाल्या, "ते श्रीखंडात घाला."