विमुक्त जमाती आणि माहितीपट: कायद्याने पुसलेला शिक्का कॅमेरा पुसू शकतो का?

परळी वैजनाथ असो की बीड जिल्ह्यातलं दुसरं कुठलं गाव, चोरी झाली की संशयाची सुई अनेकदा आधी पारधी वस्तीकडे वळते. त्यात आता मोबाइलची भर पडली आहे. ‘टोळी फिरतेय, सावध राहा’ असा मेसेज, सोबत कुठलासा व्हिडिओ, आणि काही मिनिटांत तो गावोगावच्या ग्रुपवर. हा शिक्का आला कुठून? आणि माहितीपटांचा त्याच्याशी संबंध काय?

शिक्का कधी बसला?

ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यामुळे ठरावीक जमातीत जन्मलेला माणूस जन्मतःच संशयित ठरला. हजेरी लावणं आणि परवानगीशिवाय बाहेर न जाणं बंधनकारक झालं. काहींना तर तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतींत ठेवलं गेलं. सोलापूरची ‘सेटलमेंट’ त्यातलीच.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. म्हणून हा दिवस ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळतात. पण त्याच्या जागी अनेक राज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि पोलिसांची नजर फारशी बदलली नाही. परळीशेजारच्या लातूर जिल्ह्यातले लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’ या आत्मकथनात हे जगणं आतून मांडलं.

कॅमेऱ्याने काय दाखवलं?

फेब्रुवारी १९९८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये बुधन सबर या तरुणाचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला. महाश्वेता देवी आणि गणेश देवी यांनी हा प्रश्न लावून धरला. अहमदाबादच्या छारानगरातल्या तरुणांनी या घटनेवर नाटक बसवलं. त्यातूनच ‘बुधन थिएटर’ उभं राहिलं. छारा हीदेखील विमुक्त जमातच.

याच नाट्यसंस्थेवर शाश्वती तालुकदार आणि केरिम फ्रीडमन यांनी ‘प्लीज डोन्ट बीट मी, सर!’ हा माहितीपट केला. तो २०११ मध्ये आला. वस्तीत हातभट्टीची दारू गाळली जाते, हे तो लपवत नाही. दुसरं काम मिळत नाही म्हणून ती गाळली जाते, हेही दाखवतो. बुधन थिएटरचे दक्षिण बजरंगे स्वतः छारा आहेत आणि पुढे चित्रपट-माहितीपटांकडे वळले. म्हणजे ज्यांचं फक्त चित्रण होत होतं, त्यांच्यापैकीच काहींच्या हाती कॅमेरा आला.

आज हे महत्त्वाचं का?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा त्याआधी व्हॉट्सअॅपवरून पसरल्या होत्या. अनोळखी, फिरता माणूस म्हणजे गुन्हेगार, ही समजूत तयारच होती. व्हिडिओने फक्त ठिणगी टाकली.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या जातिभेदावर निकाल दिला. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवरचा हा निकाल विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार धरून मिळणाऱ्या वागणुकीचीही दखल घेतो. कायदा रद्द होऊन ७२ वर्षं झाल्यावरही न्यायालयाला हे सांगावं लागलं.

माहितीपट पुरेसा आहे का?

नाही. माहितीपट पाहून कुणाला जातीचा दाखला, घरासाठी जागा किंवा शाळेत प्रवेश मिळत नाही. त्यासाठी रेणके आणि इदाते आयोगांच्या शिफारशी आहेत. २०२२ मध्ये केंद्राने ‘सीड’ योजना आणली. त्यात पाच वर्षांसाठी २०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. ती देशभरातल्या विमुक्त, भटक्या आणि निमभटक्या समाजांसाठी आहे.

पण वीस सेकंदांची क्लिप फक्त चेहरा दाखवते, माहितीपट त्यामागची कारणं दाखवतो. म्हणून जातीचं नाव घेऊन ‘टोळी’ म्हणणारा व्हिडिओ आला, तर तो कुठला, कधीचा आणि पोलिसांनी त्याला दुजोरा दिला आहे का, एवढे तीन प्रश्न फॉरवर्ड करण्याआधी विचारायलाच हवेत.