मार्कोनीला सोडा, सुतळीकडे बघा

दर ३० नोव्हेंबरला, जगदीशचंद्र बोस यांच्या जयंतीला, फोनवर तोच निरोप फिरतो : रेडिओ आपल्या बोसांनी शोधला, श्रेय मार्कोनीने लाटले! पाठवणारे बहुतेक आमच्याच गोतावळ्यातले, म्हणून स्पष्ट लिहितो. या निरोपाने बोस मोठे होत नाहीत, लहान होतात.

मार्कोनीला संदेश दूर पोचवायचा होता. त्यासाठी तो लांब लहरींकडे गेला आणि १९०१ मध्ये अटलांटिक ओलांडला. बोस नेमके उलट्या वाटेने निघाले. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी १८९५ च्या सुमारास ज्या लहरी काढल्या, त्या जेमतेम ५ ते २५ मिलिमीटर लांबीच्या, म्हणजे ६० गिगाहर्ट्झपर्यंतच्या. का? तर या अदृश्य लहरी प्रकाशासारख्याच वागतात का, ते टेबलावर तपासता यावे म्हणून. शर्यतच वेगळी, मग हरले कोण आणि जिंकले कोण?

आता सुतळीची गोष्ट. साध्या लहरीचे कंपन एकाच पातळीत होते, उभे किंवा आडवे. साखरेच्या पाण्यातून जाताना प्रकाशाची ही पातळी थोडी फिरते. विजेच्या लहरीची फिरेल का? बोसांनी ताग घेतला आणि पिळला. काही पेंढ्या उजवीकडे पिळलेल्या, काही डावीकडे. लहर त्यातून सोडली आणि पातळी फिरली! पीळ उलटा, तर फिरणेही उलटे. दोन्ही सारख्या मिसळल्या, तर काहीच नाही. हा निबंध १८९८ चा आहे.

कारण असे, की कोणतीही साधी लहर ही उजव्या आणि डाव्या स्क्रूसारख्या फिरणाऱ्या दोन लहरींची बेरीज असते. पिळलेली वस्तू त्या दोघींना सारखी वागणूक देत नाही.

आज मिलिमीटर लहरींवर जलद संपर्काचे अँटेना करणारे इंजिनिअर याच डाव्या-उजव्याशी झगडतात. लहर फिरती सोडली की समोरचे यंत्र उभे धरा की तिरके, फारसे बिघडत नाही. भिंतीवर आपटून आली की तिचा पीळ बहुधा उलटतो, म्हणून नको असलेला प्रतिध्वनी वेगळा काढता येतो. क्राउस यांनी १९४६ मध्ये केलेला प्रसिद्ध अँटेना म्हणजे तर चक्क पिळलेली तारच. आपल्याकडे २०२२ मध्ये ५जी साठी २६ गिगाहर्ट्झचा पट्टा लिलावात गेला, तोही बोसांच्याच टापूतला. आणि आयईईई या संस्थेने २०१२ मध्ये बोसांचा गौरव केला तो याच मिलिमीटर लहरींसाठी.

आणि आम्ही? वर्गात 'वनस्पतींना संवेदना असतात' हे एक वाक्य, आणि घरी मार्कोनीच्या नावाने बोटे मोडणे. रडगाणे पुढे ढकलायला अक्कल लागत नाही. पिळलेल्या तागातून लहर का वळते, हे पोराला समजावून सांगायला मात्र लागते. बोसांचा अभिमान वाटतो ना? मग येत्या ३० नोव्हेंबरला तो निरोप पुसून टाका आणि नातवाच्या हातात सुतळीचा एक तुकडा द्या. उजवा पीळ कोणता आणि डावा कोणता, एवढ्यापासून सुरुवात करा.