विश्लेषण : तीस वर्षे मंचावर, तरीही ‘बँडबाहेर’! जुन्या रॉक बँडमधले ‘साइडमन’ नेमके करतात काय?

मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर ७ एप्रिल २००३ रोजी ‘द रोलिंग स्टोन्स’ची मैफल झाली. पोस्टरवर चेहरे चारच होते. मिक जॅगर, कीथ रिचर्ड्स, रॉनी वूड आणि चार्ली वॉट्स. मंचावर मात्र त्याच्या दुपटीहून अधिक माणसे वाजवत आणि गात होती. गाण्याचा पाया धरणारा बास गिटारवादक त्या चौघांपैकी नव्हता. कीबोर्डवाला नव्हता, सॅक्सोफोनवाला नव्हता आणि जॅगर यांच्या तोडीस तोड आवाज लावणारी गायिकाही नव्हती. ही सगळी मंडळी ‘साइडमन’. बँडबरोबर जगभर फिरणारी, पण बँडची सदस्य नसलेली. साठ-साठ वर्षे जुने बँड आजही दौरे काढत असताना आणि त्यांतले मूळ सदस्य एकेक करून कमी होत असताना या माणसांचे स्थान नेमके काय, हा प्रश्न आता टाळता येणारा नाही.

साइडमन म्हणजे कोण?

ढोबळमानाने, दौऱ्यापुरता मोबदला घेऊन बँडला साथ देणारा वादक किंवा गायक. स्टुडिओत एखाद्या ध्वनिमुद्रणापुरता येतो तो सेशन वादक. साइडमन दौऱ्याबरोबर महिनोन् महिने राहतो. आपल्याकडच्या साथसंगतीशी ही तुलना चटकन सुचते, पण ती फार ताणू नये. ख्यालाच्या मैफलीत तबल्याच्या आणि पेटीच्या साथीदाराचे नाव कार्यक्रमपत्रिकेवर असते. तो गायकाच्या घराण्याचा ‘सदस्य’ आहे का, असे कोणी विचारत नाही. रॉक बँडची कल्पनाच वेगळी. चार-पाच मित्रांची टोळी, तिचे एक नाव आणि त्या नावावर चालणारा धंदा. त्यामुळे इथे आतला आणि बाहेरचा ही रेघ फार ठळक असते. जॅगर मैफलीच्या मध्यात प्रत्येक साथीदाराचे नाव घेऊन ओळख करून देतात, टाळ्याही पडतात. प्रसिद्धीच्या छायाचित्रात मात्र त्यांना जागा नसते.

ही रेघ पहिल्यांदा कधी आखली गेली?

अगदी सुरुवातीलाच, आणि तीही एका संस्थापकावर. १९६२ मध्ये ब्रायन जोन्स यांच्या जाहिरातीला प्रतिसाद देऊन आलेले पियानोवादक इयान स्टुअर्ट हे ‘स्टोन्स’चे पहिल्या फळीतले सदस्य. १९६३ मध्ये व्यवस्थापक अँड्र्यू लूग ओल्डहॅम यांनी ठरवले, की बँडमध्ये सहा चेहरे जास्त होतात आणि स्टुअर्ट काही पोरींना वेड लावणाऱ्या चेहऱ्याचे नाहीत. स्टुअर्ट यांना छायाचित्रातून वगळण्यात आले. ते गेले मात्र नाहीत. बँडची गाडी चालवली, वाद्ये मंचावर लावली आणि पियानोही वाजवला, थेट डिसेंबर १९८५ मध्ये मृत्यू होईपर्यंत. त्यांना मायनर कॉर्ड आवडत नसत. असा कॉर्ड आला की ते सरळ पियानोवरून हात उचलत. पगारी माणसाला असा हट्ट परवडत नाही. तो परवडत होता, कारण मनाने ते सदस्यच होते.

१९८६ च्या ‘डर्टी वर्क’ या अल्बमच्या अखेरीस त्यांच्या पियानोचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा श्रद्धांजली म्हणून ठेवला गेला. १९८९ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये बँडचा समावेश झाला तेव्हा त्यात स्टुअर्ट यांचेही नाव होते. सन्मान मिळाला, पण तो स्वीकारायला ते नव्हते.

आजचे साइडमन काय काम करतात?

चक लेव्हेल यांचे उदाहरण घेऊ. ‘ऑलमन ब्रदर्स बँड’मधून नावारूपाला आलेले हे पियानोवादक १९८२ पासून ‘स्टोन्स’बरोबर आहेत. कागदोपत्री काम कीबोर्ड वाजवण्याचे. प्रत्यक्षात ते बँडची स्मरणवही आहेत. कोणते गाणे कोणत्या पट्टीत, किती वेगात, कुठे थांबायचे, शेवट कसा करायचा, याच्या नोंदी ते वर्षानुवर्षे वहीत ठेवत आले आहेत. त्या रात्री कोणती गाणी घ्यायची याचा कच्चा आराखडा ते जॅगर यांच्या सोबतीने तयार करतात. मैफल सुरू झाली की कीबोर्डमागून मान डोलावून, हाताने खूण करून सगळ्यांना पुढचे वळण दाखवतात. रिचर्ड्स यांची गिटार भरकटली, तर सगळे परत एकत्र येतात ते या खुणांमुळे. (दौरा नसतो तेव्हा लेव्हेल अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात जंगलशेती करतात. त्या क्षेत्रातही त्यांचे नाव आहे.)

दुसरे डॅरिल जोन्स. शिकागोत जन्मलेले, विशीच्या सुरुवातीलाच माइल्स डेव्हिस यांच्याबरोबर वाजवलेले, पुढे स्टिंग आणि मॅडोना यांच्या दौऱ्यांवर गेलेले. मूळ बासवादक बिल वायमन बाहेर पडल्यावर अनेकांना वाजवून पाहिले गेले. निवडीत वॉट्स यांचा शब्द मोलाचा ठरला. वॉट्स मुळात जॅझवेडे, आणि ड्रम व बास हे जोडीने चालणारे काम. १९९४ च्या ‘वूडू लाउंज’ दौऱ्यापासून जोन्स बँडबरोबर आहेत. वायमन ‘स्टोन्स’मध्ये होते तो काळ साधारण ३० वर्षांचा. जोन्स यांनीही २०२४ च्या दौऱ्यात तीस वर्षे पूर्ण केली. वायमन यांना जग ‘रोलिंग स्टोन’ म्हणून ओळखते, जोन्स यांना ‘स्टोन्सबरोबर वाजवणारे’ म्हणून.

यातली खरी विसंगती २०२३ च्या ‘हॅकनी डायमंड्स’ या अल्बममध्ये दिसली. त्यात एका गाण्यावर बास वाजवला पॉल मॅकार्टनी यांनी, एकावर तीस वर्षांपूर्वी बँड सोडून गेलेल्या वायमन यांनी, काहींवर निर्माता अँड्र्यू वॉट यांनी. रिचर्ड्स आणि वूड यांनीही हात चालवला. दर दौऱ्याला हा भार उचलणारे जोन्स अल्बमच्या वादकांत नाहीत. मॅकार्टनी यांच्या नावाने बातमी होते, हे समजण्यासारखे आहे. तरी ही जागा रिकामी दिसते.

मानधन चांगले असेल, मग तक्रार कशाची?

बड्या बँडच्या साइडमनना मानधन चांगलेच मिळते, त्यांची दया येण्याचे कारण नाही. मुद्दा पैशाच्या प्रकाराचा आहे. बँडची कमाई ढोबळमानाने चार नळांतून येते. गीतलेखनाची रॉयल्टी, ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी, दौऱ्यातला नफा आणि बँडच्या नावाने विकले जाणारे टीशर्ट वगैरे. गीतलेखनाचा नळ तर बहुतांशी जॅगर आणि रिचर्ड्स यांच्याच घरी उघडतो. सदस्यांनाही तिथे सहज वाटा मिळत नाही. साइडमनला मात्र चारही नळ बंद. त्याला मिळतो तो आठवड्याचा किंवा प्रत्येक मैफलीचा ठरलेला मोबदला, प्रवास, मुक्काम आणि रोजचा भत्ता. दोन दौऱ्यांच्या मधल्या काळात काही बँड हातचा म्हणून थोडी रक्कम देतात. तसे देण्याचे बंधन मात्र नसते.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे ‘स्टोन्स’सह सगळ्यांचे दौरे थांबले, तेव्हा हा फरक उघडा पडला. गाणी स्ट्रीमिंगवर वाजतच होती, त्यामुळे हक्कदारांचा पैसा येत राहिला. ज्याची कमाई केवळ मंचावरून होती, त्याची ती त्या महिन्यात शून्यावर आली. ‘स्टोन्स’च्या साथीदारांना त्याची झळ कमी बसली असेल. पण मधल्या फळीतल्या बँडबरोबर फिरणाऱ्या वादकाला भाडे भरण्याची चिंता होती.

कायदा काय म्हणतो?

कायदा स्टुडिओतल्या वादकाकडे थोडेफार पाहतो. अमेरिकेत इंटरनेट आणि उपग्रह रेडिओवर गाणे वाजले तर मिळणाऱ्या ठरावीक रॉयल्टीतला ५ टक्के वाटा ध्वनिमुद्रणातल्या साथीच्या वादक-गायकांसाठी राखलेला आहे. कोर्टात जाऊन हक्क मिळवल्याचीही उदाहरणे आहेत. ‘पिंक फ्लॉइड’च्या १९७३ च्या ‘डार्क साइड ऑफ द मून’ अल्बममध्ये ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ या रचनेत क्लेअर टोरी यांनी शब्दांविना जे गायले, त्याचे त्यांना मिळाले होते ३० पौंड. त्यांनी २००४ मध्ये दावा लावला, २००५ मध्ये तडजोड झाली आणि सहसंगीतकार म्हणून त्यांचे नाव लागले. तीन दशके उशिराने.

पण टोरी यांच्याकडे दाखवायला एक ध्वनिमुद्रण होते. दौऱ्यावरच्या साइडमनने एखाद्या जुन्या गाण्याचा शेवट बदलला, मधला तुकडा वाढवला, तो लोकांना आवडला आणि पुढे दर रात्री तसाच वाजू लागला, तर त्याची नोंद कुठे होणार? लिसा फिशर १९८९ पासून २०१५ पर्यंत ‘गिमी शेल्टर’ जॅगर यांच्याबरोबर गात होत्या. अनेक श्रोत्यांसाठी ते मैफलीतले सर्वोच्च पाच-सहा मिनिट. मूळ १९६९ च्या ध्वनिमुद्रणातला आवाज मेरी क्लेटन यांचा; त्याचे फिशर यांनी मंचावर जे केले ते त्यांचे स्वतःचे होते. या दोघींची कहाणी ‘ट्वेंटी फीट फ्रॉम स्टारडम’ या २०१३ च्या माहितीपटात आली, त्याला ऑस्करही मिळाले. क्वचित एखाद्या माहितीपटाने एवढ्या रास्त गोष्टीला एवढे चांगले नाव दिले असेल. ताऱ्यापासून वीस फूट, तेवढेच अंतर.

नोकरीची हमी कितपत?

नाहीच म्हणा. ‘द हू’ या बँडचे बासवादक जॉन एंटविसल २७ जून २००२ रोजी, दौरा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी वारले. १ जुलैला लॉस एंजेलिसच्या हॉलीवूड बोलमध्ये त्यांच्या जागी पिनो पालाडिनो उभे होते. मधल्या चार दिवसांत गाणी बसवून. इतक्या तातडीने उभा राहणारा माणूस मिळतो, म्हणूनच असे दौरे वाचतात.

आता त्याच बँडची दुसरी बाजू. झॅक स्टार्की (रिंगो स्टार यांचे चिरंजीव) १९९६ पासून ‘द हू’चे ड्रमर. मार्च २०२५ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या मैफलींनंतर एप्रिलमध्ये त्यांना काढल्याची बातमी आली. काही दिवसांत परत घेतल्याचे जाहीर झाले. मे महिन्यात पुन्हा काढले, आणि निरोपाच्या दौऱ्यासाठी स्कॉट डेव्हर्स यांना बसवले. आपण स्वतःहून सोडल्याचे निवेदन देण्यास सांगितले गेले आणि आपण ते नाकारले, असे स्टार्की यांनी समाजमाध्यमावर उघडपणे सांगितले. वादात कोण बरोबर हा भाग वेगळा. २९ वर्षे वाजवलेल्या माणसाचे स्थान पाच-सहा आठवड्यांत दोनदा उलटेपालटे होऊ शकते, एवढे पुरे बोलके आहे. घराणे मोठे असूनही ही गत.

कधी दोष साइडमनचाही असतो, हेही नोंदवायला हवे. ‘ब्राउन शुगर’मधला सॅक्सोफोन वाजवणारे बॉबी कीज १९७३ च्या दौऱ्यात मंचावर जाण्याऐवजी शॅम्पेनने भरलेल्या टबात बसून राहिले, असा किस्सा रिचर्ड्स यांनी आत्मचरित्रात रंगवून सांगितला आहे. बँडमध्ये नियमित जागा परत मिळायला त्यांना ऐंशीचे दशक उजाडावे लागले. गंमत अशी, की त्या काळात रिचर्ड्स यांचे स्वतःचे वर्तन काही आदर्श नव्हते. त्यांना दौऱ्यावरून कोण काढणार?

मग सदस्यच का करून घेत नाहीत?

बँडच्या बाजूनेही युक्तिवाद आहे. जोखीम सदस्यांनी घेतली, उपाशी दिवस त्यांनी काढले, नाव त्यांनी मोठे केले. नव्या माणसाला भागीदारी म्हणजे जुन्या कमाईतही वाटा. साइडमनलाही मोकळीक मिळते. लेव्हेल यांनी मधल्या काळात एरिक क्लॅप्टन यांच्या गाजलेल्या ‘अनप्लग्ड’मध्ये वाजवले, डेव्हिड गिल्मोर यांच्याबरोबर दौरा केला. बँडचे कज्जे आणि भांडणे त्यांच्या डोक्यावर नाहीत.

हा युक्तिवाद पाच वर्षांसाठी पटतो, तीस वर्षांसाठी पटत नाही. रॉनी वूड १९७५ मध्ये आले, सदस्य म्हणून मिरवले, तरी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पगारावर होते. पुढे भागीदार झाले आणि बँड काही बुडाला नाही. म्हणजे दार उघडता येते. ते जोन्स यांच्यासाठी उघडले नाही.

सदस्यत्व हे मैत्रीसारखे असते, ते मागून मिळत नाही, असे मान्य केले तरी तीन गोष्टी सहज करता येतील. मैफलीचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण विकले गेले, तर त्यात वाजवणाऱ्या प्रत्येकाला एकरकमी मोबदल्याऐवजी विक्रीतला वाटा. करार संपवण्याची लेखी मुदत, म्हणजे नोकरी गेल्याचे बातमीतून कळणार नाही. आणि तिकिटाच्या पानावर वाजवणाऱ्यांची पूर्ण नावे. शेवटची गोष्ट तर प्रेक्षकाच्याही हक्काची आहे. हजारो रुपये मोजणाऱ्याला आपण कोणाला ऐकणार हे आधी कळायला हवे.

चार्ली वॉट्स २४ ऑगस्ट २०२१ रोजी गेले. त्यांच्या आजारपणात तात्पुरते म्हणून जाहीर झालेले स्टीव्ह जॉर्डन तेव्हापासून ड्रमवर आहेत. २०२४ च्या दौऱ्यात ‘स्टोन्स’ म्हणून तिघेच उभे होते. ड्रम, बास आणि कीबोर्डवर बसलेले तिघेही करारावरचे होते.