पाटीवरच्या डिग्र्या आणि तुमचा मणका

"डॉक्टर, मणक्यात गॅप आहे म्हणून सांगितलंय. ऑपरेशनच करावं लागेल का?"

ओपीडीत हा प्रश्न रोज येतो. पेशंट खुर्चीत बसायच्या आधी एमआरआयची पिशवी टेबलावर येते. मी ती बाजूला ठेवतो आणि विचारतो, "तुम्ही दिवसभर काम काय करता?" काहींना हे आवडत नाही. चांदवडहून सकाळच्या एसटीने आलेल्या माणसाला वाटतं, हे काय चौकशी करत बसलेत, रिपोर्ट बघा की!

रिपोर्ट बघतोच. पण आधी या 'गॅप'विषयी. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते, तिला आपण डिस्क म्हणतो. वय वाढलं की तिच्यातलं पाणी कमी होतं आणि तिची उंची घटते. म्हणजे मणक्यांमधली जागा कमी होते, वाढत नाही. तरी शब्द मात्र 'गॅप' असाच रूढ झालाय आणि या एका शब्दाने घाबरलेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत. पाठ अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या स्कॅनवर काय दिसतं, याचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३,११० जणांचे रिपोर्ट होते. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गादीची झीज दिसली, पन्नाशीत ८० टक्के. गादी थोडी फुगलेली असण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के, पन्नाशीत ६० टक्के. पुन्हा सांगतो, यांपैकी कोणाचीही पाठ दुखत नव्हती. म्हणून पन्नाशीच्या माणसाच्या रिपोर्टवर झीज लिहिलेली असणं हे डोक्यावर पांढरे केस असण्यासारखंच समजा.

आता डॉक्टरांकडे वळू. मणक्याचा सर्जन निवडताना त्याचं शिक्षण जरूर बघा. आपल्याकडे या कामाकडे दोन वाटांनी येता येतं. काही जण हाडांचे सर्जन असतात (एमएस ऑर्थो), काही मेंदू आणि नसांचे (एमसीएच न्यूरो). मणक्याची नेहमीची ऑपरेशनं दोघंही करतात. कोण चांगला हा वाद डॉक्टरांच्या गप्पांपुरता ठीक आहे. तुम्ही विचारायचं ते हे, की त्यानंतर खास मणक्याची फेलोशिप केली आहे का, आणि माझ्यावर जे ऑपरेशन सुचवताय तेच तुम्ही किती वेळा केलं आहे? हे विचारणं म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. चांगला सर्जन शांतपणे उत्तर देतो. जो चिडतो त्याच्याबद्दल तुमचं तुम्हाला कळेलच. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, तीही तपासता येते. 'लेझर', 'बिनटाक्याचं', 'एका दिवसात घरी' अशा जाहिरातींवर मात्र फार विसंबू नका. छेद लहान असणं चांगलंच, पण ऑपरेशनची गरज होती का, हा प्रश्न त्याच्या आधीचा.

माझं मत असं, की डिग्री आणि अनुभव हे उंबरठ्यापर्यंत आणतात. पुढचं सगळं त्या सर्जनला तुमच्याविषयी काय माहीत आहे, यावर ठरतं. हे मी पुस्तकातून शिकलो नाही.

सुरुवातीच्या काळात येवल्याहून एक बाई आल्या होत्या. पैठणी विणायच्या. कंबर आणि डावा पाय दुखत होता. तपासलं, पायात ताकद होती, ऑपरेशनची गरज नव्हती. मी म्हणालो, "तीन महिने मागावर बसायचं नाही, पुढे वाकायचं नाही," आणि गोळ्या लिहून दिल्या. सल्ला चुकीचा होता असं तेव्हा कोणीच म्हणालं नसतं. बाई "हो" म्हणाल्या आणि परत आल्याच नाहीत. वर्षभराने त्यांच्या गावच्या दुसऱ्या पेशंटकडून कळलं, की मागावर अर्धी पैठणी होती, त्यावर उचल घेतलेली होती. त्या तशाच दुखत्या पायाने बसत राहिल्या. खड्डामागावर पाय खाली सोडून, पुढे झुकून किती तास बसावं लागतं, हे मी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर बैठकीची उंची, पाठीला आधार, दर अर्ध्या तासाला उठणं, असं काहीतरी त्यांना जमण्यासारखं सांगता आलं असतं. माझा सल्ला त्यांच्या घरात बसणारा नव्हता, म्हणून तो उपचारच नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं भावनेचं झालं, शास्त्राचं काय? तर शास्त्रच इथे निर्णय तुमच्या हातात देतं. गादी सरकून पायात तीव्र कळ येणाऱ्या २८३ पेशंटचा नेदरलँड्समधला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना लवकर ऑपरेशन सुचवलं, निम्म्यांना थांबून गोळ्या-व्यायाम, आणि नाहीच जमलं तर ऑपरेशन. लवकर ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर गेली. पण वर्षअखेरीस दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झाले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना पुढे ऑपरेशन करावं लागलं, बाकीच्यांना नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. वर्षाने निकाल जवळपास तोच असेल, तर प्रश्न उरतो मधल्या महिन्यांचा. दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आहे, रात्रभर झोप नाही, मजूर सांभाळायला दुसरं कोणी नाही. त्याला लवकर ऑपरेशन योग्य वाटू शकतं. रजा शिल्लक असलेल्या शिक्षकाला थांबणं योग्य वाटू शकतं. दोघांचे एमआरआय शेजारी लावले तर फरक सांगता येणार नाही. लासलगावच्या मार्केटमध्ये कांद्याच्या गोण्या उचलणाऱ्या हमालाचा तर तिसराच हिशोब. ऑपरेशन उत्तम झालं तरी तो पुन्हा गोणी उचलणार का, कधी, आणि तोवर घर कसं चालणार, हे आधी बोलायला हवं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेत गावकऱ्यांनाच विचारण्याची पद्धत आहे, तुमचे आरोग्याचे प्रश्न कोणते? लोकांनी कंबरदुखीचं नाव घेतलं. मलेरिया आणि बालमृत्यूंसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात ही मागणी कोणाला सुचली असती? पुढे मुंबईचे मणक्याचे सर्जन डॉ. शेखर भोजराज आणि त्यांच्या स्पाइन फाउंडेशनचे सहकारी तिथे जाऊन पेशंट तपासू लागले, ऑपरेशनं करू लागले. भातलावणीला दिवसभर वाकणाऱ्या माणसाचा मणका समजून घ्यायला त्याच्या गावापर्यंत गेलेलं बरं. आम्ही नाशिककर डॉक्टर तर गावांच्या शेजारीच बसलोय, आम्हाला सबब नाही.

एक गोष्ट मात्र चर्चेत बसत नाही. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेभोवती बधिरपणा आला, पायातली ताकद कमी होत चालली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तिथे वाट बघण्यात कायमचं नुकसान होऊ शकतं. पाठदुखीबरोबर ताप आणि वजन घटणं असेल तर मणक्याच्या टीबीचा विचार व्हायला हवा, तेही लांबवू नका. अशा वेळी "डॉक्टर, छाटणी झाल्यावर बघू" म्हणालात तर मी ऐकणार नाही.

बाकी वेळी घाई नको. डॉक्टरांनी तुम्हाला टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावलं का? झोपवून पाय उचलून बघितला का? हात न लावता, नुसत्या फिल्मवरून ऑपरेशनची तारीख मिळाली असेल तर दुसरं मत घ्या. ते माझ्याबद्दल घेतलंत तरी मला राग नाही. येताना नुसता रिपोर्टचा कागद नको, फिल्म किंवा सीडी आणा, आधीच्या गोळ्यांची चिठ्ठी आणा. एका कागदावर लिहून आणा, की दिवसातलं कोणतं काम या दुखण्यामुळे बंद पडलंय आणि त्यातलं कोणतं आधी सुरू व्हायला हवं. लिहिता येत नसेल तर घरातल्या कोणाला तरी सोबत आणा. शक्यतो जे तुमच्याबरोबर शेतात किंवा कामावर असतात त्यांना.