पहिला धडा बंदुकीचा

परदेशी शिक्षण म्हटले की आपल्याकडे डोळ्यांपुढे येते ते भव्य वाचनालय, हिरवेगार आवार आणि एखादी जुनी दगडी इमारत. तिकडे गेल्यावर आधी बंदूक चालवायला शिकावे लागेल, असे मुलीने घरी सांगितले तर आई-वडील अर्जच फाडून टाकतील. पण नॉर्वेच्या अखत्यारीतील स्वालबार्ड बेटांवर, लाँगयिअरब्येन गावात शिकायला जाणाऱ्यांची सुरुवात बहुधा अशीच होते.

हे गाव ७८ अक्षांशावर आहे. उत्तर ध्रुव तेथून सुमारे तेराशे किलोमीटर. वस्ती जेमतेम अडीच हजारांची, मूळची कोळसा खाणकामगारांची. खाणीतली काजळी घरात येऊ नये म्हणून दारात जोडे काढायची तेव्हाची पद्धत आजही पाळली जाते. आपल्या माणसाला तेवढे तरी घरच्यासारखे वाटावे! येथे १९९३ साली स्वालबार्ड विद्यापीठ केंद्र सुरू झाले. शिकवणे इंग्रजीतून चालते. केंद्र स्वतः पदवी देत नाही. आपल्या विद्यापीठात नाव असलेला विद्यार्थी येथे काही आठवड्यांचा किंवा एखाद्या सत्राचा अभ्यासक्रम पुरा करतो. हिमनद्या, सागरी जीव, टुंड्रातील वनस्पती असे विषय असतात आणि वर्ग बराचसा उघड्यावर भरतो.

म्हणूनच आधी सुरक्षेचे प्रशिक्षण. नेमबाजी, अस्वलाला पळवून लावणारे इशाऱ्याचे पिस्तूल, प्रथमोपचार. शिवाय रबरी पोशाख चढवून बर्फासारख्या गार समुद्रात उतरायचे आणि एकमेकांना धरून तरंगत राहायचे. गावाबाहेर पाऊल टाकताना ध्रुवीय अस्वलाला हुसकावण्याचे साधन जवळ बाळगणे कायद्यानेच बंधनकारक आहे. बंदूक अगदी शेवटचा उपाय. अस्वल हा तेथे संरक्षित प्राणी आहे आणि ते मारले गेले तर त्याची चौकशी होते.

ही सगळी खबरदारी उगाच नाही. ऑगस्ट २०११ मध्ये ब्रिटनहून आलेल्या तरुणांच्या एका मोहिमेच्या छावणीत अस्वल शिरले. तंबूंभोवती लावलेल्या इशाऱ्याच्या तारेने इशारा दिलाच नाही आणि बंदुकीतून पहिल्या काही प्रयत्नांत गोळी सुटली नाही. सतरा वर्षांचा एक मुलगा प्राणास मुकला, चौघे जखमी झाले. ती मोहीम या केंद्राची नव्हती. पण पाल्याला कोणत्याही संस्थेबरोबर अशा ठिकाणी पाठवणाऱ्या पालकांनी शुल्काच्या आधी विचारायचे प्रश्न या घटनेने शिकवले. बंदूक कोण हाताळणार? त्याने सराव केला आहे का? इशाऱ्याची यंत्रणा रोज तपासली जाते का? रात्री पहारा असतो का?

मग एवढा जीव धोक्यात घालून तिकडे जायचेच कशाला, असे कुणीही विचारील. त्याचे उत्तर तेथल्या जमिनीत आहे. स्वालबार्डची जमीन खाली बारमाही गोठलेली असते, दऱ्यांत सुमारे शंभर मीटरपर्यंत आणि डोंगरांत त्याहून कितीतरी खोल. उन्हाळ्यात वितळतो तो फक्त वरचा थर, मीटरभर किंवा थोडा कमी-अधिक. तो मोजायचा कसा? एक लोखंडी सळई घ्यायची आणि जमिनीत दाबत जायची. मऊ चिखलातून ती सरसर उतरते आणि एका क्षणी खण्‌कन अडते. तिथून खाली बर्फ. मग सळईवरची खूण वाचून वहीत आकडा लिहायचा, चार पावले पुढे जायचे आणि पुन्हा तेच. दिवसभर हेच काम! कंटाळवाणे खरे, पण गावातील घरे खांबांवर का उभी आहेत, हे त्या एका सळईने जितके पटते तितके पुस्तकाने पटत नाही. जुलैचे सरासरी तापमान जेथे सहा-सात अंश, तेथे २५ जुलै २०२० रोजी पारा २१.७ अंशांवर गेला होता. तो थर असाच खोल जाऊ लागला तर खांबांचे काय होईल, हे विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

भारतालाही ही बेटे परकी नाहीत. लाँगयिअरब्येनपासून शंभरएक किलोमीटरवरच्या न्यू-ऑलसुंड येथे २००८ पासून आपले 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे आणि त्याचा कारभार पाहणारी राष्ट्रीय संस्था गोव्यात, वास्कोला आहे. विज्ञानाच्या ज्या विद्यार्थ्याला या वाटेने जायचे असेल त्याने तिच्या कामाची माहिती जरूर घ्यावी. आणखी एक व्यावहारिक गोष्ट. स्वालबार्डला जायला स्वतंत्र व्हिसा लागत नाही, पण ती बेटे शेंगेन क्षेत्राबाहेर आहेत. ऑस्लोमार्गे जाऊन परतायचे तर शेंगेन व्हिसा दोनदा प्रवेशाचा हवा. ही बाब ध्यानात राहिली नाही तर परतीच्या वाटेवर पंचाईत. राहणे-खाणेही महाग, कारण भाजीपाल्यापासून बहुतेक सारे बाहेरून येते.

एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत तेथे सूर्य मावळत नाही. छावणीत झोपायच्या वेळा घड्याळ पाहून पाळाव्या लागतात आणि अस्वलाच्या पहाऱ्याच्या पाळ्या लागतात. पहाटेचे दोन वाजलेले, ऊन लख्ख पडलेले, बाकीचे सगळे तंबूत. एकटी मुलगी चहाचा थर्मास घेऊन, दर थोड्या वेळाने दुर्बीण फिरवत बसलेली. डोंगराच्या उतारावर पांढरे काही दिसले तर ते साचलेले बर्फ आहे की चालते आहे, हे तिला पाहायचे असते. पाळी संपली की ती पुढच्याला हलवून उठवते, तो पुरता जागा झाल्याची खात्री करते आणि मगच डोळ्यांवर पट्टी बांधून झोपते.