नांव नको, गुण विचारा

गेल्या महिन्यांत आमच्या नातवानें कुळवृत्तांत वेबपानावर आणला. पिढीवर बोट ठेवतांच पुढील शाखा उलगडावी, अशी सोय त्यानें जावास्क्रिप्टनें केली. सर्वांनीं कौतुक केलें. परंतु आमच्या थोरल्या भगिनी अक्का, यांच्या जुन्या फोनवर एकच वाक्य उमटलें : "आपला ब्राउझर चालणार नाहीं." "मलाच येत नसेल," असें म्हणून अक्कांनीं फोन मुकाट्यानें खालीं ठेविला. माहेरच्या वंशावळीच्या दारांतूनच त्या परत फिरल्या.

दोष अक्कांचा नव्हता. नातवानें ब्राउझरचें नांव विचारून, यादींत नसेल त्यास परत पाठविलें होतें. या नांवांची कथा मोठी मौजेची आहे. १९९५ सालीं ही भाषा काढणाऱ्या नेटस्केपच्या ब्राउझरचें सांकेतिक नांव 'मोझिला'. कित्येक सर्व्हर मोझिलासच चांगलीं पानें देत; म्हणून इंटरनेट एक्सप्लोररही स्वतःस मोझिला म्हणवूं लागला. आज क्रोम, सफारी, फायरफॉक्स सर्वच 'मोझिला/५.०' सांगतात. अशा नांवावरून योग्यता काय कळणार ?

१९९७ सालीं भाषेचें प्रमाण ठरलें, तरी ब्राउझरांच्या रीती वेगळ्याच राहिल्या. बोटाचा वा माउसचा स्पर्श ओळखण्यास इतरांपाशीं 'अ‍ॅड-इव्हेंट-लिसनर' होतें. एक्सप्लोररपाशीं २०११ च्या नवव्या आवृत्तीपर्यंत 'अटॅच-इव्हेंट'च. जाणता लेखक नांव पुसत नसे. "तुजपाशीं पहिलें साधन आहे काय ?" एवढेंच तो स्क्रिप्टकडून विचारवी, असल्यास तें, नसल्यास दुसरें वापरी. नसलेलें साधन न विचारतां हाकारलें, तर स्क्रिप्ट तेथेंच अडते.

शाळेंत नवा मुलगा आला म्हणजे आडनांव ऐकून मी त्याची इयत्ता ठरवीत नसें. पुस्तक पुढें करून वाचावयास सांगें. ब्राउझरासही हाच न्याय लावावा.

नातवानें नांवांची यादी काढून टाकिली. संपूर्ण वंशावळ प्रथम साध्या मजकुरांत लिहिली, म्हणजे स्क्रिप्ट मुळींच न चालली तरी ती वाचतां यावी. मग साधन आहे कीं नाहीं हें तपासून उलगडण्याची सोय वर चढविली. अक्कांच्या फोनवर शाखा आजही उलगडत नाहींत. परंतु त्या रात्रीं त्यांनीं आजोबांपासून आपल्यापर्यंतचीं नांवें मोठ्यानें वाचून दाखविलीं.

प्रत्येक घरांत एखादा जुना फोन असतोच. पान लोकांपुढें ठेवण्यापूर्वीं मुलांनीं तें त्यावर एकदां उघडून पाहावें.