रक्ताची परीक्षा आणि विम्याचा एजंट

भामरागडच्या अरण्यात हेमलकसा येथे १९७३ साली बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तो माडियांच्या सेवेसाठी. गडचिरोलीच्या आदिवासींत आढळणारा सिकलसेल हा आईबापांकडून येणारा आजार. त्यासाठी रक्त तपासायचे ते औषध व सल्ला देता यावा म्हणून.

विमा एजंटाने कर्करोगाची आनुवंशिक चाचणी खपवणे हे याच्या नेमके उलट आहे. तेथे तपासणाऱ्याला उपचाराची नव्हे, कमिशनची चिंता असते. अमेरिकेत वृद्धांना दलालांकरवी अशा चाचण्यांच्या जाळ्यात ओढून सरकारी आरोग्यविम्याला दोनशे कोटी डॉलरहून अधिक रकमेला गंडवल्याच्या प्रकरणांत २०१९ साली ३५ जणांवर आरोप ठेवले गेले.

आनुवंशिकतेच्या सबबीवर विमेदाराशी भेदभाव करणे घटनाबाह्य आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली म्हटले; परंतु ‘योग्य चाचणीच्या अभावी’ ही मेखही त्यातच आहे. म्हणजे एजंटाने विकलेली चाचणी उद्या विमेदारावरच उलटू शकते! गरिबाने केवळ निकालांच्या भरवशावर का राहावे? चाचणी डॉक्टरांच्याच सल्ल्याने व्हावी, निष्कर्ष रुग्णाचाच राहावा आणि तो मागण्याचा अधिकार विमा कंपनीला नसावा, असा स्पष्ट कायदा संसदेने केला पाहिजे. पूर्वजांकडून आलेले रक्त हा कुणाचा गुन्हा नव्हे, आणि कुणाच्या बाजारातला मालही नव्हे.